क्वाबेनाला न आलेलं बोलावणं

क्वाबेना ओदुरो घानातून सर्बियातल्या चाचाक गावी आला तो फुटबॉल खेळायला. गुडघा गेला, क्लबने हात वर केले आणि घरी परतायला तोंड नाही म्हणून तो स्रेतेनच्या टायरच्या दुकानात कामाला लागला. हळूहळू सर्बियन जिभेवर बसली, गिऱ्हाइकं ‘क्वाबा, हवा बघ रे’ म्हणू लागली. गाव आपलं वाटायला लागलं ते मात्र शेजारच्या दारामुळे.

भिंतीला भिंत लागून दोब्रिला आणि तिचा नवरा मिलोयको राहत. मुलगा व्हिएन्नाला, घरात दोघंच. दोब्रिलामावशीचं तोंड फाटकं पण हात सढळ. शरदात लाल ढोबळी मिरच्या भाजून चटणी केली की एक बरणी क्वाबेनाच्या दाराशी ठेवून ओरडायची, “खा रे, नाहीतर वाळून जाशील!”

पहिल्याच नोव्हेंबरात तिनं दार ठोठावलं. “परवा संत दिमित्रीचा दिवस. आमच्या कुळाचा संत. जेवायला यायचं, कारणं नकोत.”

तो गेला. इस्त्रीचा शर्ट, हातात कॉफीचा पुडा आणि वाइनची बाटली. दारातच दोब्रिलानं तबक पुढं केलं. साखर-अक्रोड घातलेल्या शिजवलेल्या गव्हाचा काचेचा वाडगा, शेजारी चमचे. सकाळपासून उपाशी असलेल्या क्वाबेनानं आभार मानले, वाडगाच उचलला, खुर्चीत बसला आणि निम्मा फस्त केला. मग लक्षात आलं, खोली गप्प झालीय. तो प्रसाद होता. ज्यानं त्यानं चमचाभर तोंडात टाकायचा. कुणीतरी फिसकन हसलं. दोब्रिला वाडगा उचलून पुन्हा भरायला आत गेली.

पुढच्या वर्षी दार कुणी ठोठावलं नाही. भिंतीपलीकडून गाणी ऐकू येत होती, कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचा, सारमांचा, वास थेट त्याच्या स्वयंपाकघरात येत होता. शर्टाला इस्त्री करून तो पलंगावर बसून राहिला. वाडगा नडला, त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात दोब्रिला भेटली. तो हसला, तिनं मान फिरवली. मग शंकाच उरली नाही. चटणीची बरणीही बंद झाली.

त्याच्या पुढच्या वर्षी भिंतीपलीकडे फारसा आवाजच नव्हता. बोलावणं तेव्हाही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलोयको हिवाळी टायर चढवायला दुकानात आला. किल्ली स्रेतेनच्या हातात दिली, क्वाबेनाकडे बघितलंही नाही. तो गेल्यावर स्रेतेन म्हणाला, “काय रे, म्हाताऱ्याचं काय घोडं मारलंस?”

क्वाबेनानं मान खाली घालून सगळं सांगितलं. स्रेतेन पोट धरून हसला, मग एकदम थांबला.

“अरे गाढवा! ह्या सणाला बोलावणं नसतंच. पहिल्यांदा सांगतात तेवढंच. पुढं दरवर्षी आपण होऊन जायचं. न जाणं म्हणजे घर टाकणं! तुला कुणी वाळीत टाकलेलं नाही, तूच त्यांना टाकलंयस.”

“मग आता?”

“आजही जातात लोक, उरलंसुरलं खायला. हात धू आणि पळ.”

दोब्रिलानं दार उघडलं ते अर्धंच. “कुणाचं घर शोधतोयस?”

“मावशी, सणाच्या शुभेच्छा.”

“कालच्या, की गेल्या वर्षीच्या?”

तो भडाभडा बोलत सुटला. त्याचं बोलणं वाडग्यापाशी आलं तशी ती किंचाळलीच. “अरे, माझे गहू इतक्या चवीनं जन्मात कुणी खाल्ले नव्हते! व्हिएन्नाला फोन करून सांगितलं मी.” मग तिचा आवाज उतरला. “काल पोरगा आला नाही. त्याला रजा नव्हती. भाऊ आजारी. चार माणसं जेमतेम. तुझी पावलं ऐकू येत होती रे आम्हाला. घरात आहे, आणि येत नाही. मिलोयको सारखा दाराकडे बघत होता.”

क्वाबेना वाकून बूट काढू लागला.

आतून मिलोयको म्हणाला, “दारात काय उभं केलंयस त्याला? सारमा गार होतायत.”

“गारच खाऊ दे. तेवढी शिक्षा हवी.” पण तिनं गरम करून वाढल्या.

ती दोन वर्षं दोब्रिलानं कधी माफ केली नाहीत. दर नोव्हेंबरात नव्या पाहुण्यांना सांगायची, “हाच तो, भिंतीआड लपून बसणारा!” आणि त्याच्या ताटात आणखी एक मटणाचा तुकडा टाकायची. आदल्या दिवशी तळघरातली टेबलं वर चढवायला क्वाबेना हजर असायचाच.

एका वर्षी ऐन सणाच्या दिवशी तो तापानं फणफणला, उठवेना. दुपारी दार ढकलून मिलोयको ताट घेऊन आला. सणाच्या दिवशी घरधनी बसत नाही. शेवटचा पाहुणा उठेपर्यंत त्यानं उभ्यानं वाढायचं, ही तिथली रीत. मिलोयकोनं ताट स्टुलावर ठेवलं आणि चक्क पलंगाच्या कडेला बसला.

“काका, पाहुणे सोडून आलात?”

“दोब्रिला आहे ना. तू आधी सूप पी.”