शाळेची नाव
परवा सुनेनं देवापुढे राळ जाळली आणि त्या वासानं माझं डोकंच फिरलं. तिकडे उत्तरेत, आमच्या संस्थानात महाराजांची राजवट होती तेव्हाची गोष्ट, मी आठ वर्षांची असेन. पावसात आमच्या मुरार गावची नदी फुगली की पलीकडे जाता यायचं नाही, शाळा बुडायची, म्हणून आळीतल्या मंडळींनी रिकाम्या तबेल्यात स्वतःच नाव बांधायला घेतली. बाबा कचेरीतून आले की रंधा मारायला बसायचे, म्हणायचे, "तुझ्यासाठीच चाललंय हो हे!" फळ्यांच्या फटींत लुगड्यांच्या चिंध्या कोंबून वर कढत राळ भरायचं काम माझं, बोटं बारीक ना! दोनदा भाजली. नाव पाण्यात सोडली त्या सकाळी मी दप्तर घेऊन सगळ्यांच्या आधी जाऊन बसले, तर आळीतले एक मानाचे काका ओरडले, "मुलींना कशाला? चार महिने घरी बसल्या तर काय बिघडतं?" नाव बांधायला शिकवणारा म्हातारा मिस्त्री म्हणाला, "साहब, सारे जोड़ तो बिटिया ने भरे हैं." काका त्याच्यावर खेकसले, "तुमसे पूछा किसी ने?" मी बाबांकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "उतर गं, लोक बघतायत." उतरले. पाऊस सरला, पाणी ओसरलं, तरी पुन्हा मला शाळेत कोणी घातलंच नाही, पुढचं वाचायला भावाच्या पाटीवरून शिकले. त्या काकांचं काय, ते तसेच होते बाई, त्यांना मी केव्हाच सोडून दिलं. बाबांवरचा राग मात्र आज पतवंडं झाली तरी जात नाही.