लक्सेट्टीपेटच्या यादीतलं नाव

माहेराहून, बेल्याहून, निघालो तवा कापूस वेचनीचे दिवस होते. बैलगाडीत दोन गाठोडी अन् बोरांची पिशवी. बाप म्हने, "पोरी, तिकडं तेलगू बोलतेत. समजल्याबिगर हो म्हनू नको."

आमचे हे मंचिर्यालच्या खानीत कामाले लागले होते. शेजारीन म्हने, आपलं मत लक्सेट्टीपेटच्या आमदारकीच्या शीटेत. मले वाटे, राहाचं इथं अन् मत द्याले त्या गावाले जा लागते का काय.

मंग मतदार यादीवाला आला. "पेरु चेप्पम्मा," म्हने. मी म्हनलं पेरू नाही, बोरं हायेत, अन् ओंजळभर दिले. खाता खाता त्यानं हिंदीत समजवलं, पेरु म्हंजे नाव. माह्यं सांगितलं. मंग नवऱ्याचं इचारलं. ते मी कसं घेनार? पदर तोंडाले लावून उभी राह्यली. ह्यायचं नाव घरमालकानं लिहून देल्लं होतं, नवऱ्याच्या नावाबिगर माह्यं मातर राह्यलंच.

इलेक्शनले हे आत गेले, मी शाळेच्या फाटकापाशी उभी. बेल्यात नाव काटलं, इथं चढलं नाही. मी कुठलीच नाही राह्यली. हे चिडवत, "जाय, अजून बोरं चार त्याले."

पुढच्या खेपेले एकटीच तहसीलात गेली. बाबूनं नवऱ्याचं नाव इचारलं, अन् चारचौघांत मी म्हनलं, "किसन." घरी सांगितलं तं हे असे लाजले का ताटातून मान वर करेनात.

लई वर्सांनी हे गेले. मांगून लक्सेट्टीपेटची शीटच मोडली. नात म्हने, आजी, आता मंचिर्यालची शीट. मले वाटलं, शीट गेली तं नाव बी गेलं असंन. नातीले घेऊन शाळेत यादी पाहाले गेली. तिनं बोट ठेवलं, "हे तू."

"अन् आबा?"

त्यायचं नाव काटलं होतं. पन माह्या नावाखाली, नवऱ्याच्या जागी, किसन तसंच होतं. तेलगूतलं मले वाचता येत नाही. नातीकडून तीनदा वाचून घेतलं.

भाऊ, तू म्हनतं बेल्याले ये, इथं नाव चढवू. हे पत्र नात लिहून राह्यली, मी सांगून राह्यली. सनाले येईन, वहिनीच्या हातची भाकर खाईन, महिनाभर राहीन. नाव मातर इथंच राहू दे, ह्यायच्यापाशी.