दिसतोय का, सायेब?

“दिसतोय का, सायेब?” चरात उभं राहून आमचे म्हातारे माळीबाबा ओरडायचे. मी दिवाणखान्याच्या खिडकीतून ओरडायचो, “टोपी दिसतेय!” मग ते हसत पुन्हा कुदळ उचलायचे.

वरंधच्या रस्त्याला तो विलायती बंगला तुम्हीही पाहिला असेल. उंच खांब, लांबलचक खिडक्या आणि आपल्या उकाड्यात चक्क धुराडं! मालकांनी इंग्लंडमध्ये तसा पाहिला होता. देखरेख माझ्याकडे होती, बागेचं काम बाबांकडे. झाडं ओळीत नकोत, आपोआप उगवल्यासारखी हवीत, असं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आपोआप उगवायची, तर मला कशाला बोलवलंत?”

मालकांना घरापासून डोंगरापर्यंत अखंड हिरवळ दिसायला हवी होती. गुरं आत यायला नकोत, पण कुंपणही नको. म्हणून हिरवळीच्या कडेला खोल चर, आतून कळूही नये असा. बाबांची टोपी दिसेनाशी झाली की खोली पुरे, हे माप मीच ठरवलं.

त्यांचं मागणं एकच होतं. “एकदा त्या खिडकीतनं बघायचंय, सायेब. केलंय काय ते.” मी म्हणायचो, काम संपू दे.

काम संपलं. ठरल्या दिवशी बाबा धुतलेला सदरा घालून, पाय धुऊन ओट्यापाशी उभे राहिले. तेवढ्यात फाटकाशी मालकांची गाडी दिसली, सोबत पाहुणे.

“बाबा, जरा चरात उतरा. पाहुण्यांच्या नजरेत कोणी नको.”

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझंच डोकं.

ते मुकाट्याने उतरले. पाहुणे खिडकीत उभे राहून “किती मोकळं!” म्हणाले, मालकांनी माझी पाठ थोपटली आणि मी फुशारलो. चहा झाला, फोटो झाले. दोन तासांनी मला बाबा आठवले. ते चराच्या दगडी भिंतीला टेकून बसले होते.

“दिसलो नाय ना, सायेब?”

“नाही. उद्या नक्की नेतो आत.”

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. नंतरही नाहीत. मीही निरोप धाडला नाही, कारण तोंड दाखवायची लाज वाटत होती. पावसाळ्यात ते गेल्याचं कळलं, तेव्हा कुठे त्यांच्या वाडीवर गेलो.

त्यांच्या बायकोने घोंगडी अंथरली. “तुमी त्यांना आत नेलंत, खिडकीतनं दाखवलंत. येईल त्याला सांगायचे.”

मी होकारार्थी मान हलवली.

“चर खरंच दिसत नाय आतनं?”

“नाही,” मी म्हणालो. “काहीच दिसत नाही.”