टेम्पो देऊन घेतलेली पिकअप

पिंगळीच्या शिवरुद्रला गाडी चालवायला त्याच्या थोरल्या भावानं, नागनाथनं शिकवलं. दोघा भावांनी मिळून नवा टेम्पो घेतला तेव्हा गावात तसला दुसरा नव्हता. टेम्पोच्या कपाळावर 'श्री मन्मथस्वामी प्रसन्न' रंगवून घेतलं होतं. गावातली वांगी, मिरची, मेथी भरायची आणि परभणीच्या बाजारात उतरवायची, हा त्यांचा धंदा. नागनाथ चालवायचा आणि शिवरुद्र मागं पोत्यांवर पाय पसरून बसायचा.

ऊसतोडीच्या दिवसांत एका पहाटे नागनाथ एकटाच गंगाखेडला निघाला. धुकं दाट होतं. उसाची ट्रॉली पंक्चर होऊन भर रस्त्यात उभी होती. मागं ना दिवा, ना दगड. टेम्पोचं तोंड चेपलं आणि नागनाथ जागीच गेला. त्याच्या लग्नाला दोनच वर्षं झाली होती. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणं त्याला बसवून स्वतःच्या रानात माती दिली; माय तेवढी घरीच होती. घरात आता माय शिवम्मा, वहिनी मालन आणि शिवरुद्र एवढीच माणसं उरली.

टेम्पो दुरुस्त झाला. नवी काच, नवे दिवे, नवं दार. घर त्याच्यावरच चालत होतं, म्हणून शिवरुद्रनं मन घट्ट केलं आणि स्वतः स्टेअरिंगवर बसला. पहिल्या दिवशी माल उतरवून तो संध्याकाळी गावात शिरला, तर माय ओट्यावर येऊन उभी.

"मालन, तवा ठेव. नागू आला," ती म्हणाली.

शिवरुद्र दार उघडून खाली उतरला. माय त्याच्याकडं बघत राहिली.

"तू हाईस व्हय," म्हणाली, आणि आत निघून गेली.

हे मग रोजचंच झालं. एरवी शिवम्माचं डोकं ठिकाणावर होतं. सोमवारचा उपास चुकत नव्हता, मिरचीचा भाव ती आल्यागेल्याला विचारायची, शेजारणीच्या लेकीचं बाळंतपणही तिनंच काढलं. पण टेम्पोचा आवाज कानावर पडला की ती उठायची. शिवरुद्रनं टेम्पो स्टेशनाकडं लावून पायी यायचं करून बघितलं. एवढंसं गाव, आवाज तिथूनही पोचायचा. सायलेन्सर बदलून बघितला. गिअर टाकतानाच्या घरघरीवरून तिनं ओळखलं. आपण घरी आलो की मायचं तोंड पडतं, हे शिवरुद्रला कुणाजवळ बोलताही येईना. मेलेल्या भावाचा हेवा करावा असं त्याच्या मनात नव्हतं, पण संध्याकाळ झाली की त्याला घरी जावंसं वाटेना.

परभणीत मुजीबमिस्त्रीचं गॅरेज होतं. तिथं एक जुनी पिकअप उभी असायची. पुढं जीपचं तोंड, मागं उघडा हौदा, रंग उडालेला, पत्रा खालून कुजलेला. इंजिन खोकल्यासारखं खडखडायचं. शिवरुद्रनं ती चालू करायला लावली आणि डोळे मिटून आवाज ऐकला.

"ये मेरेको दो, टेम्पो तुम लेलो," तो म्हणाला.

मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. "शिवाभाऊ, तुम्हारी गाडी जवान है, ये बुढ्ढी. ऊपर से कुछ पैसे दूँगा, तो भी घाटा तुम्हाराच है. मैं धंदे का आदमी, मेरेको क्या! पर नागूभाऊ मेरा दोस्त था. घर जाव, पूछो, सोचो."

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. "दुभती म्हैस देऊन भाकड घ्यायलाय का रे?" असं पारावरच्या लिंबाजीनं तोंडावरच विचारलं. शिवरुद्र हसला आणि पुढं गेला. पण लिंबाजीचं खोटं नव्हतं. पिकअप आज चालेल, उद्या बसेल. वाटेत बसली तर अख्खी मेथी वाळून जाईल. शेतकरी एकदा-दोनदा थांबतील, मग दुसऱ्याची गाडी बघतील. एक मन म्हणायचं, माय आज ना उद्या सावरेल, गाडी पुन्हा मिळणार नाही. दुसरं मन संध्याकाळचा ओटा दाखवायचं.

मालन गोठ्यात शेण भरत होती. तो दारात उभा राहिला.

"वहिनी, टेम्पो बदलावा म्हणायलोय."

तिनं हात थांबवले नाहीत. "मला कळलंय."

"मायचं बघवंना मला."

"आन् माझं?" ती म्हणाली. "तुमी जेवायला बसलाव की मी त्या टेम्पोत जाऊन बसते. सीटवर हात ठिवते. घरात त्यांचं दुसरं काय ऱ्हायलंय? कपडे तुमीच लोकांनी वाटून टाकले."

शिवरुद्रला हे माहीत नव्हतं.

"मग नगं?"

"भावजी, गाडी तुमची. मायबी तुमची," ती पाटी उचलत म्हणाली. "मला इचारून माझ्यावर कशाला टाकताव?"

त्या आठवड्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या बंदमुळं परभणीचा बाजार उठला होता. टेम्पो दारातच उभा राहिला, तर माय ओट्यावर आली नाही. शिवरुद्र जेवायला पाटावर बसल्यावर तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "शिवा, लय वाळलास रं." एवढ्यावरच त्याचं ठरलं.

बंद उठल्यावर तो टेम्पो घेऊन निघाला. मालन डोक्यावर पदर घेऊन आली आणि न बोलता शेजारी बसली. गॅरेजपाशी मिस्त्री अदबीनं बाजूला झाला. "भाभी, कुछ निकालना है तो निकाल लो." तिनं मान हलवली. काही काढलं नाही. येताना पिकअप दोनदा बंद पडली. दोन्ही वेळेला मालन खाली उतरून बांधाकडं तोंड करून उभी राहिली.

पहिले काही दिवस बरे गेले. पिकअप खडखडत आली तरी माय जागची हलत नव्हती. "आलास का, शिवा? हातपाय धू," म्हणायची. शिवरुद्रला वाटलं, आपण केलं ते बरोबरच केलं. मग एका सकाळी ज्वारी निवडता निवडता तिनं मालनला विचारलं, "नागू कुठं गेलाय गं? लय दिस झालं, आला न्हाई."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ती जेवली नाही. नागूला ताप आलाय का, म्हणाली, तुमी दोघं माझ्यापासून काय झाकायलाव?

मालन शिवरुद्रला म्हणाली, "ते रोज यायचे तरी, भावजी. दार उघडूस्तोवर का व्हईना, यायचे. आता तेबी न्हाई." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच त्याला ते जास्त लागलं.

तो तसाच परभणीला गेला. टेम्पो नांदेडकडच्या एका सिमेंटवाल्यानं नेला होता. मिस्त्रीनं पत्ता देऊ केला. शिवरुद्रनं तो घेतला नाही. टेम्पो परत आणून काय करायचं? मायला पुन्हा ओट्यावर उभी करायची?

सोमवारी त्यानं मायला पुढच्या सीटवर बसवलं आणि मालनला सोबत घेऊन पिकअप रानाकडं काढली. बांधापासून दोघांनी तिला धरून नेलं. मातीचा उंचवटा होता, मालननं सारवलेला, वर बेलाची पानं.

"हितं?" शिवम्मानं विचारलं.

"हितंच, माय."

ती खाली बसली. हाताचा तळवा मातीवर ठेवला.

"मला आधी का आणलं न्हाई?"

मग ती रडली. नागनाथ गेल्यापासून पहिल्यांदा रडली, मोठ्यानं, शेजारच्या रानातली माणसं औत थांबवून बघत राहिली. मालननं तिला मिठीत घेतलं आणि तिचाही बांध फुटला. शिवरुद्र जरा लांब, पाठ करून उभा होता.

निघताना पिकअप चालू होईना. माय पुढं बसून राहिली, मालननं मागून हौद्याला खांदा दिला, शिवरुद्रनं दाराला धरून ढकलत ढकलत आत उडी मारली. उतारावर इंजिन धरलं.

शिवम्मानं पुन्हा कधी नागूचं विचारलं नाही. पण तिचं अन्न कमी होत गेलं, आणि श्रावणात ती गेली. तिचं वर्ष झाल्यावर मालनचा भाऊ पूर्ण्याहून आला. तो रेल्वेत होता. "बहिणीनं आता हितं कुणासाठी ऱ्हायचं?" तो म्हणाला. त्यात काही चुकीचं नव्हतं.

शिवरुद्रनंच तिला पिकअपमधून पूर्ण्याला पोचवलं. एक ट्रंक आणि एक गाठोडं. भावाच्या दारात ती थांबली.

"येत जा, भावजी."

"येतो की."

पुढं कितीतरी वर्षं मिरचीच्या हंगामात तो पूर्ण्याला जात राहिला. माल उतरवायचा, स्टेशनाबाहेर चहा प्यायचा आणि परत फिरायचा. तिच्या दाराकडं जाणारी गल्ली तिथून दिसायची. तिकडं तो एकदाही वळला नाही.