दौलतच्या चार ओळी

आजवर बायकोलाही सांगितलं नाही, ते आधी सांगून टाकतो. दौलतच्या पत्रातल्या चार ओळी संपादकांनी कापल्या नव्हत्या. मी कापल्या होत्या. मला तसं कोणी सांगितलंही नव्हतं.

दौलत माझा कन्हानच्या शाळेतला सोबती. फौजेतून परतल्यावर तो नदीच्या पात्रात वडिलांची डांगरवाडी, म्हणजे कलिंगडांचा मळा, करू लागला. रविवारी मी नागपूरहून त्याच्याकडे जाई. थंडीतल्या सकाळी नदीवर इतकं धुकं असे की पलीकडचा काठ आहे की नाही, कळू नये. मी पुढे, दौलत मागे. त्याच्या पावलांचा आवाज येत नसे. मागे वळून पाहिलं, तर वाळूत पावलांची एकच रांग दिसे. जणू मी एकटाच आलो होतो. दौलत नेमका माझ्या ठशात पाय ठेवून चालायचा.

वेलींना पाणी घालणारी त्याची आई ओरडायची, "काहून गा, वसंताच्या मागं सप्तपदी चालून राहिला का?"

"तो वजनदार आहे ना, माय. काही फुटलंच तं त्याच्याखाली फुटन."

दौलत मोठ्याने हसायचा. पाय मात्र ठशाबाहेर पडू द्यायचा नाही.

ही चाल त्याने समुद्रापलीकडच्या बेटावरून आणली होती. सत्त्याऐंशी साली तिथे शांतता राखायला आपली फौज गेली, तीत तो होता. मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. जवानांच्या पत्रांचं सदर माझ्याकडे होतं. दौलतचं पहिलं पत्र जसंच्या तसं छापलं. त्यात हार होते, शहाळी होती, आणि रोज संध्याकाळी तुकडीसाठी विहिरीचं गार पाणी आणणारे गावचे शाळामास्तर होते. वाचकांना ते फार आवडलं.

दुसरं पत्र तीन महिन्यांनी आलं. सुरुंग फुटून तुकडीतले दोघे गेले होते. बाकीचं त्या चार ओळींत होतं, आठवतं तसं देतो: "दुसऱ्या दिवशी झडतीत आम्ही मास्तरचं घर मोडलं. त्यांच्या थोरल्या लेकाले अंगणात सगळ्यांसमोर मारलं, त्याचा काही संबंध नव्हता. महिन्याभरात तो बंदूकवाल्यांत गेला. आम्ही एकाले शोधाले गेलो अन् दुसरा आपल्या हातानं घडवून आलो. मास्तर म्हणाले, तुझ्या गावाले हे कळू दे, मी हो म्हटलं, त्यांचं नाव छापजो." पुढे मास्तरांचं लांबलचक नाव होतं.

घाई होती, असंही म्हणता येत नाही. निवांत दुपार होती, टेबलावर ऊन आलं होतं, हातात पेन्सिल होती. वाटलं, लोकांना हे कशाला? आणि आपल्यालाही कोणी देशद्रोही म्हणायला नको. पेन्सिल झोपेत चालावी तशी चार ओळींवरून फिरली. खाली मी माझी एक ओळ घातली: "इथला प्रत्येक माणूस आम्हाला दुवा देतो." छापून झाल्यावर पत्र रद्दीच्या टोपलीत गेलं.

परतल्यावर दौलतने वाडीतच खिशातून ते कात्रण काढलं.

"माझ्या ओळी कुठं गेल्या गा?"

"संपादकांनी काढल्या."

"अन् हे दुव्याचं?"

"तेही त्यांचंच."

"कागद तं आहे ना?"

"जपून ठेवलाय."

तो बराच वेळ एका डांगरावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "पुढचा सुरुंग त्या लेकानंच पेरला, वसंता. मले पक्कं मालूम आहे. आमचे आणखी तिघं गेले. त्याचा राग येते मले. पण राग आला का त्याचं अंगणातलं तोंड दिसते."

तिसऱ्या हिवाळ्यात दौलतची छाती भरली. दवाखान्यात तो डोळे मिटूनच बोलायचा, नदीवरच्या धुक्यात असल्यासारखा.

"त्या संपादकाले सांगजो, माझा राग नाही. त्यालेबी नोकरी सांभाळा लागत असन."

मी त्याचं पांघरूण सारखं केलं.

"अन् जमलं तं मास्तरचं नाव छापजो. कागद आहेच तुझ्यापाशी."

"हो," म्हणालो. तेव्हाच नाव विचारता आलं असतं. विचारलं असतं तर कागद नाही, हे त्याला कळलं असतं. दोन दिवसांनी दौलत गेला.

त्या हिवाळ्यात एकदा धुक्यात वाडीवर गेलो. अर्ध्या वाटेवर वळून पाहिलं. पावलांची एकच रांग होती. मी तरीही थांबून राहिलो, तो येईपर्यंत थांबायचं असल्यासारखा.

चार ओळी आज छापायला दिल्या. कापणाऱ्याचं नावही दिलं. मास्तरांचं नाव मला आठवत नाही. ते मी अजून देणं लागतो.