बाकात राहिलेलं दाभण

...हां, तर तेच सांगत होते, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. गादीवाला म्हणतात ना सगळे, तोच. लोकांना वाटतं, गादीवाला म्हणजे कापूस पिंजणारा. तसं नाही गं. सोफे, खुर्च्या, गाडीच्या सीटा, ज्याच्यावर म्हणून माणूस टेकतं ते सगळं त्याच्या हातचं. बोलायला मात्र कंजूष. लग्नात बहीण म्हणाली होती, याच्या तोंडातही कापूस भरलाय की काय.

त्याची एक सवय होती. दाभण, म्हणजे ती वीतभर लांब, दोन्हीकडे टोक असलेली जाडी सुई गं, ते कधी जमिनीवर ठेवायचा नाही. मध्येच कुणी हाक मारली की हातातलं काम जिथं असेल तिथंच स्पंजात दाभण उभं खोचायचा, खूण म्हणून. आणि काम संपलं की शर्टाच्या खिशाला टोचायचा. खिशाला दाभण आलं, म्हणजे काम झालं.

तर शहरातलं ते मोठं हॉटेल नव्याने केलं मालकाने. सगळं जुनं काढून टाकलं, भिंती गडद हिरव्या, दिवे असे की ताटात काय आहे ते चाचपून बघावं. आणि भिंतीला लागून लांबलचक गादीचे बाक. ते सगळे आपल्या गादीवाल्याने केले. शेवटच्या दिवशी इतकी घाई, की हा खिडकीजवळच्या बाकावर स्पंज बसवतोय आणि डोक्यावर दिवेवाले शिडी घेऊन उभे, उठा काका, उठा काका. हा उठला. परत आला तो थेट कापड ताणून ठोकायलाच बसला. दुसऱ्या दिवशी दुकानात दाभण सापडेना. त्याला वाटलं, केरात गेलं असेल.

मग मालकाने दोघा नवरा-बायकोला जेवायला बोलावलं. नुसतं जेवण नव्हतं ते. मालकाची आणखी दोन हॉटेलं नवी करायची होती आणि ते काम कुणाला द्यायचं, हे त्या दिवशी ठरणार होतं. इकडे दुकानात गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. लोक आता फाटला सोफा टाकतात आणि नवा आणतात, शिवून कोण घेतंय? ते काम मिळालं तर दुकान राहणार, नाही तर कुलूप. बहिणीने ठेवणीतली साडी नेसली. एवढ्या वर्षांत नवऱ्याने तिला कधी बाहेर जेवायला नेलं नव्हतं.

बसवलं नेमकं खिडकीजवळ. बहीण आत सरकून बसली, खूश. हा बसता बसता सवयीने बाकावरून हात फिरवतो, तर बायकोच्या मांडीशेजारी कापडाखाली काहीतरी कडक. बोटाने दाबलं, तर हरवलेलं दाभण. दाबलं की स्पंज खाली जायचा आणि टोक वर यायचं.

"तू पलीकडे खुर्चीवर बस," एवढंच बोलला.

ती उठली, पण तिचं तोंड उतरलं. तिला वाटलं, खिडकीची जागा यालाच हवी. याने तिथं बसून उजवा हात मांडीखाली घातला, दाभण तळव्याखाली आडवं दाबून धरलं आणि एका बाजूला कलून बसला. तसाच. सूप आलं, ते डाव्या हाताने. मासा आला, तोही डाव्या हाताने, अर्धा ताटाबाहेर. बहीण टेबलाखालून पाय मारतेय. वाढणारा पोरगा समजूतदार, त्याला वाटलं याला मूळव्याध आहे. हळूच एक उशी आणून दिली बिचाऱ्याने. हसू नकोस, त्याचा जीव टांगणीला लागला होता.

सांगावं, तर काम जाणार. न सांगावं, तर उठायचं कसं? आपण उठलो की पुढचं गिऱ्हाईक इथंच बसणार आणि समोर मालक. हाताला मुंग्या आल्या, मग हात आहे की नाही तेही कळेना.

तेवढ्यात मालक येऊन बसला. बाकांचं कौतुक केलं, पाहुणे उठायला तयार नाहीत म्हणाला. मग उभं राहून हात पुढे केला. दोन्ही हॉटेलं तुमच्याकडेच काका, म्हणाला. आणि याने बसल्या बसल्या डावा हात दिला. मालकाचा चेहरा जरा आक्रसला. बहिणीला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. जेवण उरकल्याबरोबर ती उठली आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

इतक्यात टेबलासाठी थांबलेली एक म्हातारी आली, मागे तिचा मुलगा. बाई अंगाने माझ्यासारखी. आम्ही बसत नाही गं, आम्ही पडतो. काठी टेकत ती बाकापाशी आली, वाट बघितली, तरी हा उठेना.

"काय हो, चिकटलात की काय?" म्हणाली. आजूबाजूचे हसले.

याने तिच्याकडे पाहिलं, मग मालकाकडे. "माझं दाभण राहिलंय यात," म्हणाला, "कात्री द्या."

मालक पटकन वाकला आणि कुजबुजला, की हळू बोला, सकाळी येऊन गुपचूप काढा, आत्ता वर दोन उशा टाकतो आणि बाईंना बसवतो.

"मग आधी तुम्ही बसा," हा म्हणाला.

मालक काही बसला नाही. मुदपाकखान्यातून कात्री आली. चार माणसांसमोर याने स्वतःची शिवण स्वतः उसवली, आत कोपरापर्यंत हात घातला आणि दाभण ओढून काढलं. खिशाला टोचलं. म्हातारीने ते बघितलं आणि तिचं हसू गेलं. मुलाचा दंड घट्ट धरून उभी राहिली. मालक म्हणाला, "पुढच्या कामांचं बघू."

बघू म्हणजे काय, ते तुला माहीत आहे. आता दुकानात शेजारचा सायकली ठेवतो आणि हा घरच्या ओट्यावर उशा शिवतो.

बहीण अजून त्याच्याशी धड बोलत नाही. म्हणते, सकाळी मालकाच्या कानात सांगितलं असतं तर कुणाला कळलं असतं? हातातलं काम घालवलं, भर हॉटेलात माझी शोभा केली. आणि हा शहाणा काही सांगत नाही. मला सांगितलं ते माझी गादी भरताना, तेही मी खनपटीला बसले म्हणून. तिने म्हातारी बघितलीच नाही गं, ती तर केव्हाच बाहेर जाऊन उभी होती.

म्हणून म्हणते, हे लिहून घेतलंस ना, ते तुझ्या मावशीआजीकडे, माझ्या या बहिणीकडे, घेऊन जा. सगळं वाचायला बसलीस तर मधूनच उठून जाईल ती. तिला एवढंच सांग, की सकाळपर्यंत थांबायला वेळच नव्हता, बाई बसायला आली होती.