तहानकाकांचा पाचवा उद्गार

तहानकाका पुलपिटावर चढले की आधी एकच काम करायचे. वक्त्यांसाठी ठेवलेला पाण्याचा ग्लास उचलून कोणाला दिसणार नाही असा खाली ठेवायचे. मग रुमालाने कपाळ पुसून बोलायला लागायचे. बाहेर एप्रिलचं ऊन, आत गच्च भरलेलं चर्च, पंखे फक्त पुढच्या बाकांवर, आणि काकांचा विषय तहान. ‘तहानेवर बोलायचं आणि मध्येच घोट घ्यायचा, हे बरं दिसत नाही,’ असं त्यांचं म्हणणं. त्यांचं संपेपर्यंत आमच्या सगळ्यांच्या घशाला कोरड पडलेली असे. तीन वाजता उपासना सुटली की लोक आधी माठाकडे जात आणि मग एकमेकांना सलाम करत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गुड फ्रायडेला आमच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरून प्रभूने काढलेले सात उद्गार, आणि एकेका उद्गारावर एकेकाने बोलायचं. पहिला क्षमेचा, पाचवा तहानेचा, सहावा सगळं पूर्ण झाल्याचा. कल्याणच्या आमच्या चर्चमध्ये हे उद्गार सात घरांना वतनासारखे लागलेले होते. पाचवा काकांचा, म्हणून ते सगळ्या मंडळीचे तहानकाका. सहावा माझ्या बाबांचा. काका वेळेवर थांबल्याचं कोणाला आठवत नाही, त्यामुळे बाबांचं ‘पूर्ण झालं’ कधीच वेळेवर सुरू झालं नाही. बाबा पहिल्या बाकावर बसून घड्याळ बघत. काकांना ते वरून दिसे. ‘शमूला घाई झालीय,’ ते पुलपिटावरून सांगत, ‘पण माझं संपल्याशिवाय पूर्ण कसं होणार?’ गुड फ्रायडेला हसायचं नसतं, म्हणून लोक खोकत.

काका नोकरीला पाणीखात्यात होते. हा निव्वळ योगायोग आहे, असं ते न विचारता सांगत. त्यांच्या प्रवचनात यरुशलेम कमी आणि पाइपलाइन जास्त असे. ‘वरच्या मजल्याला पाणी का चढत नाही? कारण खालच्याने मोटर लावलीय. खालच्याला विचारा, तो म्हणेल मला कुठे काय मिळतं. आता या प्रभूकडे.’ प्रभूकडे येईपर्यंत बराच वेळ गेलेला असे. पण खरं सांगते, बाकीच्या सहा जणांचं मला आज एक वाक्य आठवत नाही, त्यात बाबाही आले. काकांची मोटर मात्र अजून कानात आहे.

बाबा आणि काका नगरकडच्या एकाच मिशन बोर्डिंगमध्ये वाढले. दोघांत एक ट्रंक होती आणि चांगला सदरा एकच होता. तो कोणी कधी घालायचा यावरून जे भांडण झालं ते त्यांचं पहिलं आणि बरीच वर्षं शेवटचं. पुढे नोकरीसाठी एकामागोमाग एक कल्याणला आले. बाबा शाळेत सर झाले. आमच्या घरात बाबांना ‘अरे’ म्हणणारा काका हा एकच माणूस. ते दारातूनच ‘शमू, आहेस का रे?’ म्हणत, आणि शिस्तीचे आमचे बाबा आतून ‘नाही रे’ म्हणून ओरडत.

मग मंडळी फुटली. फुटणं आम्हाला नवं नव्हतं. मिशनरी साहेब लोक मायदेशी गेले तेव्हा एकदा फुटलो. मोठ्या मंडळीत सामील व्हायचं की नाही, यावरून दुसऱ्यांदा फुटलो. पेटीवर गायचं की ऑर्गनवर, यावरून फुटता फुटता राहिलो, कारण ऑर्गनच बंद पडला. माझ्या आजीला हे सगळं क्रमाने पाठ होतं. ती काळ सांगताना ‘दुसऱ्या फुटीच्या वेळी तुझी आत्या रांगत होती’ असं सांगे. आमची फूट तिसरी. ती धर्मतत्त्वावरून पडली असं दोन्ही बाजू बाहेर सांगतात. प्रत्यक्षात पाळकसाहेबांची बदली झाली. निम्मे म्हणाले, बदली म्हणजे बदली. निम्मे म्हणाले, साहेब जाणार नाहीत. साहेब गेले, पण डोंबिवलीपर्यंतच. तिथे एक मंगल कार्यालय दर रविवारी सकाळी मिळालं आणि बाबा तिकडचे सेक्रेटरी झाले. लग्नसराईत तिकडच्या उपासनेला मागे थर्माकोलच्या अक्षरांत आदल्या दिवशीच्या नवरानवरीची नावं असत. कल्याणच्या बोर्डावर ‘मूळ मंडळी’ असं नव्याने रंगवलं गेलं. डोंबिवलीवाल्यांनी बॅनर छापून घेतला, त्यावरही ‘मूळ मंडळी’.

काका कल्याणलाच राहिले. काकू डोंबिवलीला गेल्या, कारण ते पाळकसाहेब त्यांचे मावसभाऊ. रविवारी दोघं एकत्र निघत, नाक्यावर येत आणि दोन दिशांना जात. दुपारी परत येऊन एकत्र मटण खात. कोणी हळहळ व्यक्त केली तर काका म्हणत, ‘इतक्या वर्षांच्या संसारानंतर आठवड्यात दोन तास वेगळे गेले तर प्रकृतीला चांगलं असतं.’ डोंबिवलीला पाचवा उद्गार एका कॉम्प्युटरमधल्या मुलाला दिला होता. पहिल्या वर्षी काकू घरी येऊन म्हणाल्या, ‘आज पाचव्याला प्रोजेक्टर लावलेला.’ काकांनी विचारलं, ‘तहान दिसली का त्यात?’

खरी मंडळी कुठली यावर ठाण्याच्या कोर्टात दावा लागला. तारखेच्या दिवशी दोन्ही बाजूंची माणसं स्टेशनबाहेर एकमेकांची वाट बघत, कारण रिक्षात तीन माणसं भरायची असत. रिक्षात प्रकृतीच्या चौकशा होत. कोर्टाच्या दारात उतरलं की ओळख बंद. काकांना साक्षीदार म्हणून दोघांनीही बोलावलं होतं. वकिलाने विचारलं, ‘तुम्ही यांपैकी कुठल्या मंडळीचे?’ काका म्हणाले, ‘माझा बाप्तिस्मा झाला तिथला.’ वकिलाने विचारलं, कुठे झाला. काका म्हणाले, ‘नगरला. पण त्याचा दावा कुणी लावलेला नाही.’ त्यानंतर त्यांना कोणीच बोलावलं नाही.

या फुटीने काकांचं काय गेलं, ते मला एका रविवारी कळलं. मी तेव्हा लग्न होऊन कोपरीला राहत होते आणि बाबांकडे आले होते. काका आले. दारातून हाक नाही, रीतसर बेल वाजवली. बाबांनी दार उघडलं आणि म्हणाले, ‘या. बसा.’ काका बसले. ‘आपण काही कामाने आलात का?’ बाबांनी विचारलं. एका सदऱ्यातले हे दोघे, आणि ‘आपण’. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मी चहा ठेवायला आत गेले आणि आतच थांबले.

काकांचं काम एकच होतं, आणि ते दरवर्षी नाताळ उरकला की दोन्ही कमिट्यांकडे तेच घेऊन जात. वर्षभर वेगळे बसा, नाताळ वेगळा करा, कॅरोलची दोन टोळकी एकाच घरी पाठोपाठ जाऊ द्या, करंज्या काय, दोघांनाही मिळतात. पण गुड फ्रायडे एक करा. ‘तो एकदाच मेला,’ ते म्हणत. ‘त्याला दोन ठिकाणी कशाला मारता?’ कल्याणची कमिटी म्हणे, आमची ना नाही, त्यांनी इकडे यावं. डोंबिवलीची कमिटी म्हणे, आमची ना नाही, त्यांनी इकडे यावं. दोन्हीकडून होकार आल्यामुळे ते काही होत नव्हतं. काका थकत चालले होते. पाणीखात्यातून निवृत्त झाले, गुडघे गेले, तरी नाताळनंतर त्यांची फेरी चुकली नाही. मला ते एकदा म्हणाले, ‘बाकी देवाकडे मागायचं काही उरलं नाही गं. शमूच्या आधी उभं राहून एकदा त्याला ताटकळत ठेवायचंय, बस.’

शेवटी देवाने मंगल कार्यालयामार्फत काम केलं. एका वर्षी कार्यालयाच्या मालकांनी गुड फ्रायडेचा दिवस स्वतःच्या पुतण्याच्या हळदीला ठेवला. जुनं गावकरी घराणं, जागा त्यांची, घरचं कार्य. ‘सर, तुमचा तो सण ना, एक दिवस पुढं ढकला की,’ मालक बाबांना प्रेमाने म्हणाले. बाबांनी बरंच समजावलं. मग डीजे येणार आहे हे कळलं, आणि डोंबिवलीच्या मंडळीपुढे कल्याणशिवाय रस्ता उरला नाही.

बैठक काकांच्या घरी झाली, कारण तिथे नवरा एका बाजूचा आणि बायको दुसऱ्या बाजूची होती. बाबांना मीच घेऊन गेले होते. पाळक कुठले, गाणी कुठली, हे चटकन ठरलं. अडलं ते सातावर. सात उद्गार दोघांत सारखे वाटता येत नाहीत, हे तोपर्यंत कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. चार आम्हाला, तीन तुम्हाला, असं दोघेही म्हणाले. कोणी सुचवलं, तिसरा उद्गार अर्धा अर्धा करू, त्यात प्रभू आधी आईशी बोलतो आणि मग शिष्याशी. कल्याणवाले म्हणाले, तहानकाकांना तटस्थ धरा. बाबा म्हणाले, ‘तटस्थ माणसाचं सभासदत्व तुमच्याकडे कसं?’ काकू मध्येच म्हणाल्या, ‘मी डोंबिवलीची आणि हे माझे. म्हणजे निम्मे तरी तिकडचे झाले.’ यावर खरोखर विचार झाला. बाहेरून वक्ता बोलवायचा तर तो कुठल्या बाजूच्या ओळखीचा, यावर आवाज चढले आणि बाबा चष्मा खिशात ठेवून उठायला लागले.

तेव्हा काका म्हणाले, ‘पाचवा कोणालाच देऊ नका. राहिले सहा. तीन तीन घ्या.’

मग बाबांनी विचारलं, ‘आणि पाचव्याच्या वेळेला काय करायचं?’

‘गप्प बसायचं,’ काका म्हणाले. ‘तहानलेला माणूस फार बोलत नाही. मीच इतकी वर्षं उगीच बोललो.’

बाबा परत खाली बसले. वर्षाकाठी काकांना तेवढं एकदाच काय ते बोलायला मिळायचं. त्यासाठी ते उन्हाळा लागल्यापासून तयारी करायचे, काकूंना म्हणून दाखवायचे, नव्या गळतीच्या बातम्या कापून ठेवायचे. ते सगळं त्यांनी चहाचा कप बशीत ठेवावा तसं ठेवून दिलं. मला त्या क्षणी दोन्ही कमिट्यांचा इतका राग आला की मी कोणाला सलाम न करता खाली जाऊन उभी राहिले.

त्या शुक्रवारी चर्च असं भरलं की लग्नालासुद्धा भरत नाही. काका शेवटच्या बाकावर, भिंतीच्या कडेला बसले होते. चौथा उद्गार संपला. पाळकसाहेब म्हणाले, ‘पाचवा उद्गार,’ आणि खाली बसले. आम्ही गप्प बसलो. गप्प बसण्याची आमच्या मंडळीला सवय नाही. आधी खोकले झाले, मग बाकं करकरली, मग कोणीतरी गुणगुणायला लागलं आणि काकूंनी मान वळवल्यावर थांबलं. मग मात्र खरी शांतता झाली. पंखे ऐकू यायला लागले. समोर कल्याणवाले आणि डोंबिवलीवाले एकाच बाकावर खेटून बसले होते, आणि सगळ्यांच्या घशाला कोरड पडली होती.

हे संपवायचं कोणी, हे बैठकीत कोणीच ठरवलं नव्हतं. पुढचा नंबर बाबांचा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वेळेवर सुरू करता येणार होतं. पण बाबा उठेनात. घड्याळही बघेनात. हात गुडघ्यांवर ठेवून, खाली मान घालून बसले होते. पाळकसाहेब त्यांच्याकडे बघत राहिले. काका बोलले असते तेवढा वेळ गेला, मग ते नेहमी वर घेत तेवढाही गेला. आणि मागून, भिंतीकडून, काकांचा आवाज आला.

‘ऊठ रे शमू. झालं माझं.’

बाबा उठले. पुलपिटावर गेले, आणि शाळेत चाळीस पोरांना दरडावणाऱ्या आमच्या बाबांना सुरुवातीचं वाक्य तीनदा सुरू करावं लागलं. त्या दिवशी उपासनेनंतर ते काकांच्या शेजारी माठापाशी उभे होते. काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही, पण बाबा ‘नाही रे’ म्हणाले तेवढं ऐकलं.

काका त्याच पावसाळ्यात गेले. दफनाला दोन्ही मंडळ्या आल्या, दोन्ही पाळक आले, आणि त्या दिवशी कोणी काही वाटून घेतलं नाही. पुढच्या वर्षी मंगल कार्यालय मोकळं होतं, त्यामुळे गुड फ्रायडे पुन्हा दोन झाले. दावा ठाण्याला चालू आहे. फक्त पाचव्या उद्गाराला आता दोन्हीकडे कोणी बोलत नाही. तसा ठराव कुठल्याच कमिटीने केलेला नाही. ही प्रथा मूळची आमचीच, असं मात्र दोन्ही मंडळ्या सांगतात.

मी दरवर्षी बाबांना डोंबिवलीला घेऊन जाते. पाचवा उद्गार पुकारला जातो, हॉल गप्प होतो, आणि बाबा पहिल्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर खाली मान घालून बसतात. वेळ होऊन जाते तरी उठत नाहीत. मग पाळकसाहेब वाकून हळू म्हणतात, ‘सर, आपण यावं.’ तेव्हा बाबा उठतात. पाळकसाहेबांचं काही चुकत नाही. बाबांना ‘ऊठ रे’ म्हणणारं आता कोणी राहिलेलं नाही.